युरेनिल ॲसिटेट : प्रयोगशाळेतील पिवळ्या लवणाची साठवण, हाताळणी आणि नोंद

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात जुन्या रसायनांची यादी करण्याचे काम निघाले, की कपाटाच्या मागच्या ओळीत तपकिरी काचेची एखादी लहान बाटली हाती लागण्याचा संभव असतो. आत लिंबासारख्या पिवळ्या रंगाची, किंचित हिरवट झाक असलेली स्फटिकी पूड असते. झाकणाभोवती त्याच रंगाचा कोरडा थर जमलेला असतो आणि अर्धवट पुसलेल्या लेबलावर ‘युरेनियम’ एवढीच अक्षरे कशीबशी लागतात. अशा वेळी दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटते. कोणी घाबरून खोली रिकामी करतो, तर कोणी ‘इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार’ असे म्हणून बाटली पुन्हा जागेवर ठेवून देतो. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या समजुतीतून येतात. युरेनिल ॲसिटेटचा खरा धोका बंद बाटलीतून बाहेर पडणाऱ्या किरणांपेक्षा तिच्या पुडीच्या धुळीत आणि हरवलेल्या नोंदीत अधिक असतो. साठवणुकीचे आणि हाताळणीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

लवणाची ओळख

युरेनियमचा शोध जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हाइनरिख क्लापरोट यांनी १७८९ मध्ये लावला. त्याआधी आठ वर्षे, १७८१ मध्ये, युरेनस ग्रहाचा शोध लागला होता. त्या ग्रहावरून या मूलद्रव्याला नाव मिळाले. पुढची शंभराहून अधिक वर्षे युरेनियमच्या लवणांचा उपयोग प्रामुख्याने काच आणि चिनी मातीची भांडी रंगविण्यासाठी होत असे. १८९६ मध्ये पॅरिस येथे आंरी बेक्रेल यांनी पोटॅशियम युरेनिल सल्फेट हे लवण काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रण पट्टिकेवर ठेवले, तेव्हा प्रकाशाशिवायही पट्टिका काळवंडल्याचे दिसून आले. किरणोत्सर्गाचा शोध लागला तो असा युरेनिल लवणामुळेच.

युरेनियमचा एक आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळून युरेनिल आयन बनतो. ॲसिटिक आम्लाशी त्याचे जे लवण होते ते युरेनिल ॲसिटेट. ते पाण्यात विरघळते, त्याला व्हिनेगरसारखा मंद वास असतो आणि अतिनील प्रकाशात ते हिरवट चकाकते. प्रयोगशाळेत मिळणाऱ्या लवणात वजनाने सुमारे ५६ टक्के युरेनियम असते. म्हणजे २५ ग्रॅमच्या बाटलीत जवळपास १४ ग्रॅम युरेनियम असते.

या लवणाचे प्रयोगशाळेतील उपयोग मुख्यतः दोन. पहिला जुना आहे. पदार्थातील सोडियमचे प्रमाण ठरविण्यासाठी झिंक युरेनिल ॲसिटेटचे द्रावण वापरून सोडियमचा अवक्षेप पाडला जाई. नवी उपकरणे आल्यावर ही पद्धत मागे पडली. त्या काळी मागविलेल्या बाटल्या मात्र कपाटातच राहिल्या. दुसरा उपयोग आजही चालू आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू, प्रथिने किंवा पेशींचे पातळ छेद पाहावयाचे असतील, तर त्यांतील हलक्या अणूंमुळे चित्रात पुरेसा उठाव येत नाही. युरेनियमचे जड अणू इलेक्ट्रॉन अडवितात. त्यामुळे एक-दोन टक्के युरेनिल ॲसिटेटच्या द्रावणाने नमुना माखला, की त्याची बाह्यरेषा स्पष्ट उमटते. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील विषाणूंची अनेक कृष्णधवल चित्रे अशा रंजनातून मिळालेली आहेत.

किरणोत्सर्ग किती आणि कोणता

निसर्गातील युरेनियमचा ९९ टक्क्यांहून अधिक भाग युरेनियम-२३८ या समस्थानिकाचा असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या वयाएवढे आहे. अर्धायुष्य इतके दीर्घ असल्याने दर सेकंदाला विघटन पावणाऱ्या अणूंचे प्रमाण कमी राहते. एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियममध्ये दर सेकंदाला सुमारे २५ हजार विघटने होतात. बाजारात मिळणारे युरेनिल ॲसिटेट बहुधा क्षीण युरेनियमपासून, म्हणजे अणुइंधनासाठी उपयुक्त समस्थानिक बराचसा काढून घेतलेल्या युरेनियमपासून बनते. त्यात हा आकडा सुमारे १५ हजारांवर येतो. या हिशेबाने २५ ग्रॅमच्या बाटलीतील लवणात दर सेकंदाला दोन लाखांच्या आसपास आल्फा कण सुटतात. तुलनेसाठी, प्रौढ माणसाच्या शरीरात असलेल्या नैसर्गिक पोटॅशियममुळेच दर सेकंदाला सुमारे चार हजार विघटने होत असतात.

केवळ आकड्यावरून मात्र धोका ठरत नाही. कण कोणता आणि तो कोठे बाहेर पडतो यावर तो ठरतो. युरेनियमचा आल्फा कण हवेत तीनएक सेंटिमीटरच जातो. साधा कागद, बाटलीची काच किंवा त्वचेचा वरचा मृत थर त्याला अडवितो. हाच कण फुप्फुसात किंवा शरीराच्या आत सुटला, तर त्याची सारी ऊर्जा लगतच्या जिवंत पेशींवर खर्च होते. शुद्ध केलेल्या युरेनियममध्ये काही महिन्यांतच थोरियम-२३४ आणि प्रोटॅक्टिनियम-२३४ ही अल्पायुषी मूलद्रव्ये पुन्हा तयार होतात व बीटा कण उत्सर्जित करतात. हे कण हवेत काही मीटर जाऊ शकतात. जाड काच किंवा काही मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक त्यांना पुरेसे अडविते. म्हणून बाटली विनाकारण हातात धरून ठेवू नये, काम संपताच खाली ठेवावी. गॅमा किरणांचे प्रमाण अल्प असल्याने तिच्यासाठी शिशाच्या जाड पेटीची गरज पडत नाही.

या संदर्भात दोन फरक ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. भूशास्त्र विभागातील पिचब्लेंडसारख्या खनिजांच्या नमुन्यांत रेडियम असते आणि त्यातून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सुटतो. शुद्ध केलेल्या युरेनियमच्या लवणात रेडियम जमायला हजारो वर्षे लागतात. त्यामुळे तेथे हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. थोरियम नायट्रेटची गोष्ट निराळी आहे. जत्रेत आणि लग्नमांडवात उजेड देणाऱ्या पेट्रोमॅक्स बत्तीच्या जाळ्या याच लवणात भिजवून तयार केल्या जात. थोरियमच्या मालिकेतील पुढची मूलद्रव्ये काही दशकांत वाढतात आणि त्यांपैकी काही तीव्र गॅमा किरण देतात. म्हणून थोरियमची जुनी बाटली युरेनियमच्या बाटलीइतकी सौम्य समजू नये. तिच्यासाठी अंतर आणि आडोसा यांचा वेगळा विचार करावा लागतो.

विष म्हणून युरेनियम

युरेनिल ॲसिटेटच्या बाबतीत किरणोत्सर्गाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, काळजी त्याच्या रासायनिक विषारीपणाची घ्यावी लागते. शिसे किंवा पारा यांप्रमाणे युरेनियम हा जड धातू आहे. विद्राव्य लवण पोटात किंवा फुप्फुसात गेले, की युरेनिल आयन रक्तात उतरतो आणि बायकार्बोनेटशी संयोग पावून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. तेथील सूक्ष्म नलिकांत आम्लता वाढल्यावर हा संयोग सुटतो आणि मोकळा झालेला आयन नलिकांच्या अस्तराला चिकटून तेथील पेशींना इजा करतो. रक्तात शिरलेल्या युरेनियमचा मोठा भाग पहिल्या दिवसातच लघवीवाटे बाहेर पडतो. उरलेल्यापैकी काही हाडांत साठून राहतो.

ही मर्यादा किती काटेकोर असते हे दोन आकड्यांवरून कळते. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक युरेनियम असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनुसार कामाच्या ठिकाणी एक घनमीटर हवेत विद्राव्य युरेनियमचे प्रमाण ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. चमच्याच्या टोकावर मावणारी पूड हवेत उडाली, तर लहानशा खोलीतील हवा ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून हाताळणीचा पहिला नियम एकच : धूळ होऊ द्यायची नाही.

साठवण

युरेनिल ॲसिटेटची बाटली कुलूपबंद कपाटात, डोळ्यांच्या पातळीखालील फळीवर ठेवावी. उंचावरून काढताना बाटली हातून निसटली, की पूड तोंडावर आणि हवेत उडते. बाटली थेट फळीवर न ठेवता घट्ट झाकणाच्या दुसऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात ठेवावी. काच तडकली तरी पूड आतच राहते. दोन्ही भांड्यांवर किरणोत्सर्गाचे तीन पाकळ्यांचे चिन्ह आणि विषाची सूचना असावी, तसेच रसायनाचे पूर्ण नाव, मूळ वजन, खरेदीचे वर्ष आणि जबाबदार व्यक्तीचे पद लिहावे. हे चिन्ह १९४६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झाले. जुन्या बाटल्यांवर ते असेलच असे नाही, म्हणून चिन्ह नाही याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नये.

कोकणपट्टी आणि गोवा येथील दमट हवेत लेबलांचे आयुष्य कमी असते. पावसाळ्यात डिंक सुटतो, कसर कागद खाते, शाई पसरते. म्हणून लेबल पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहून त्यावर पारदर्शक पट्टी लावावी आणि दर पावसाळ्यानंतर ते तपासावे.

द्रावणाची काळजी आणखी वेगळी. प्रकाशामुळे युरेनिलचे द्रावण बिघडते आणि त्यात गाळ जमतो. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात मग काळे ठिपके दिसू लागतात. म्हणून द्रावण तपकिरी बाटलीत, वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून ठेवतात. ते थंड ठेवायचे असेल, तर ज्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याची वस्तू कधीही जात नाही असाच फ्रीज वापरावा. युरेनिल नायट्रेट हे जवळचे लवण असले तरी ते ऑक्सिडीकारक आहे. ते ज्वालाग्राही आणि सेंद्रिय द्रव्यांपासून दूर ठेवावे. ईथरमधील त्याचे द्रावण उन्हात ठेवल्यास स्फोटाचा धोका असतो.

हाताळणी

सर्वांत सुरक्षित पूड म्हणजे जी उघडावी लागत नाही ती. शक्य असेल तेथे तयार द्रावण किंवा आधीच मोजलेली छोटी कुपी मागवावी. पूड मोजणे अटळ असेल, तर ते काम फ्यूम हूडमध्ये, शोषक कागद अंथरलेल्या तबकात करावे. तराजूजवळचा पंखा बंद ठेवावा. एका हातावर दोन असे हातमोजे, अंगरखा आणि चश्मा वापरावा. पूड हवी तेवढी काढून उरलेली बाटलीत परत टाकण्याऐवजी, रिकामे भांडे आधी मोजून त्यातच पूड घ्यावी, पुन्हा वजन करावे आणि मिळालेल्या वजनाला साजेसे पाणी घालावे. यामुळे चमचा वारंवार बाटलीत जात नाही आणि पूड कमी सांडते.

तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय येथे पूर्णपणे वर्ज्य आहे. त्या खोलीत खाणे, पिणे, तंबाखू किंवा सुपारी चघळणे, ओठांना काही लावणे हेही वर्ज्य. काम संपल्यावर टेबल ओल्या कागदाने पुसावे. कोरड्या झाडूने किंवा फडक्याने कधीही झाडू नये. हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे काढावेत आणि हात साबणाने धुवावेत. नंतर टेबल आणि हात सर्वेक्षण उपकरणाने तपासावेत. उपकरणाची खिडकी पातळ असली पाहिजे, कारण जाड आवरणाच्या गायगर नळीपर्यंत आल्फा कण पोहोचतच नाहीत आणि ‘काही नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. आल्फा कण पाण्याच्या पातळ थरानेही अडतात, म्हणून ओल्या पृष्ठभागाची तपासणी तो सुकल्यावरच करावी.

हे लवण टाळता येते का, हा प्रश्न प्रत्येक नव्या खरेदीपूर्वी विचारण्याजोगा आहे. फॉस्फोटंग्स्टिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट ही युरेनियम नसलेली रंजके फार पूर्वीपासून वापरात आहेत. गॅडोलिनियम व समॅरियम यांसारख्या धातूंची लवणे, इतकेच नव्हे तर ऊलाँग चहाचा अर्कदेखील संशोधकांनी पर्याय म्हणून वापरून पाहिला आहे. प्रत्येक कामाला ते सारखेच उपयोगी पडत नाहीत. परंतु पदवीच्या वर्गातील प्रात्यक्षिकासाठी युरेनियमच हवे अशी स्थिती क्वचितच असते.

सांडल्यास किंवा अंगावर पडल्यास

पूड सांडली तर प्रथम पंखे बंद करावेत, जवळच्यांना सावध करून दूर करावे आणि कोणालाही त्यावरून चालू देऊ नये. सांडलेल्या पुडीवर ओला शोषक कागद अलगद ठेवावा आणि कडेकडून मध्याकडे पुसत यावे; उलट दिशेने पुसल्यास डाग पसरतो. वापरलेले सर्व कागद आणि हातमोजे एका पिशवीत बांधून वेगळे ठेवावेत. पुसणे आणि उपकरणाने तपासणे ही क्रिया वाचन खोलीच्या नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत चालू ठेवावी.

त्वचेवर पडल्यास साबण आणि कोमट पाण्याने धुवावे. जोराने घासू नये, कारण खरचटलेल्या त्वचेतून लवण शरीरात शिरते. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. पोटात गेल्यास किंवा धूळ श्वासात गेल्यास उलटी करविण्याचा प्रयत्न न करता तातडीने रुग्णालय गाठावे आणि रसायनाचे नाव लिहिलेला कागद बरोबर न्यावा. मूत्रपिंडाचे रक्षण करण्यासाठी सोडियम बायकार्बोनेट देण्याची पद्धत वैद्यकात आहे. मात्र तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो, प्रयोगशाळेने नव्हे.

कचरा आणि नोंद

फॉस्फरस-३२ सारख्या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे असते. त्याचा कचरा काही महिने बंद ठेवला, की त्याचा किरणोत्सर्ग नगण्य होतो. युरेनियमच्या बाबतीत वाट पाहण्याचा काहीच उपयोग नाही. ४४७ कोटी वर्षांत तो फक्त अर्धा होईल. म्हणून वापरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये, पूड कचरापेटीत टाकू नये आणि आवारात खड्डा खणून पुरण्याचा विचारही करू नये. द्रव आणि घन कचरा वेगवेगळ्या भांड्यांत, लेबल लावून, नियमानुसार विल्हेवाट होईपर्यंत कुलपात ठेवावा लागतो.

भारतात किरणोत्सर्गी पदार्थांच्या सुरक्षेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी १९८७ मध्ये आणि किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठी २००४ मध्ये नियम करण्यात आले. खरेदी, हस्तांतर किंवा विल्हेवाट यांपैकी काहीही करण्यापूर्वी मंडळाकडे विचारणा करणे हाच योग्य मार्ग आहे.

नोंद हरवली की काय होते, याचे उदाहरण दिल्लीत घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० असलेले गॅमा किरणन यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत जुन्या सामानाच्या लिलावात ते भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात त्याचे तुकडे करण्यात आले आणि एप्रिलमध्ये तेथील लोक किरणोत्सर्गाने आजारी पडू लागले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. कोबाल्ट-६० हा तीव्र गॅमा स्रोत आहे आणि युरेनिल ॲसिटेटशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तेथे चूक मात्र यंत्र वापरताना झाली नाही. ते काय आहे हे जाणणारे लोक निघून गेल्यावर, निर्लेखनाच्या यादीत ती एक सामान्य वस्तू ठरली. कपाटातील बाटलीच्या बाबतीतही हेच घडू शकते. अध्यापक निवृत्त होतात, प्रयोगशाळा सहायक बदलतात, विभाग नव्या इमारतीत जातो आणि लेबल नसलेली पिवळी पूड सामान हलविणाऱ्या मजुराच्या हाती लागते.

जुनी बाटली सापडल्यास

अशी बाटली सापडली तर ती उघडू नये, हलवून पाहू नये आणि झाकणावरचा थर खरवडू नये. लेबलाचे छायाचित्र घ्यावे. हातमोजे घालून बाटली सरळ उभी प्लास्टिकच्या पिशवीत व पिशवी घट्ट डब्यात ठेवावी. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली पूड हिरवी चकाकली, तर युरेनिल लवणाचा संशय बळावतो. ती न चकाकल्याने मात्र संशय दूर होत नाही. डब्यावर तारीख, सापडल्याची जागा आणि ‘उघडू नये’ ही सूचना लिहून तो कुलपात ठेवावा. विभागप्रमुखांना लेखी कळवावे, संस्थेत किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी असल्यास त्यांना आणि त्यानंतर नियामक मंडळाला कळवावे. बाटली कुरिअरने पाठवू नये, दुसऱ्या महाविद्यालयाला भेट देऊ नये आणि जुन्या साहित्याच्या लिलावात जाऊ देऊ नये.

साठा नोंदवहीत अशा रसायनासाठी स्वतंत्र पान असावे. किती आले, किती वापरले, किती उरले, उरलेले कोठे आहे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, एवढ्या गोष्टी त्यावर वर्षातून किमान एकदा तपासून सहीनिशी लिहाव्यात. पदभार सोपविताना हे पान वाचून दाखवावे आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष बाटली पाहून सही करावी. आज ही बाटली ओळखणारी माणसे निवृत्त झाल्यानंतरही ती कपाटात तशीच किरणोत्सर्गी राहणार आहे. तेव्हा तिच्यात काय आहे हे पुढच्या माणसाला सांगणारे नोंदवहीतील ते पानच असेल.